पुत्रशोकाचं कॅलेंडर

माझ्या मायचा जन्मात एकदाच फोटो निघाला, आणि तो आमचं घर सोडून मोताळ्यातल्या झाडून साऱ्या घरांत लागला. हे मी कौतुकानं सांगत नाही. मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून एक गृहस्थ आले होते, जुनी कॅलेंडरं जमवणारे. फार अदबीनं बसले, पाणी प्यायले, आणि मला विचारतात, "आजी, त्या चित्रातल्या मॉडेल तुमच्या मातोश्री का?" मॉडेल! माझी माय कासारीण होती, बायांच्या हातात बांगड्या भरायची, आणि त्या दिवशी बाजारात तिची पोर हरवली होती. त्या गृहस्थांना मी चहा दिला, कारण घरी आलेल्याला चहा द्यावाच लागतो. पण त्यात साखर घालायची राहिली ती काही म्हातारपणामुळे नव्हे. ते गेल्यावर सून म्हणाली, "आई, एकदा लिहूनच टाका काय झालं ते, म्हणजे दर वेळी रक्त आटवायला नको." म्हणून लिहायला बसले आहे. रक्त आटतं ते आटतंच आहे.

आमचं घर बाजाराच्या रस्त्यावर होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत आम्ही चौघं: माय, बाबा, मी आणि माझी धाकटी बहीण गोदी. सकाळ व्हायची ती काचेच्या आवाजानं. बाबा मलकापूरहून आणलेल्या पेट्या उघडायचे, गवतातून बांगड्यांचे जुडगे सोडवायचे आणि मापामापानं सुतळीत ओवून भिंतीवरच्या खुंट्यांना लावायचे. माय दोन बांगड्या एकमेकींवर हलकेच वाजवायची. आवाज बद्द आला की ती बांगडी बाजूला. गोदीला त्या बाजूच्या बांगड्या खेळायला मिळत. मागे चुलीवर ज्वारीच्या भाकरी, कधी अंबाडीची भाजी, आणि बाजाराच्या दिवशी संध्याकाळी हटकून फुणके आणि कढी. डाळ वाटून वाफवलेले ते फुणके मी पुढे कितीतरी वेळा केले. चव काही तशी येत नाही, पण त्याचं दुःख मी इथे करत बसणार नाही.

आमच्या घरात शब्द जपून वापरायचे असत. मडकं फुटलं तर फुटलं म्हणायचं, पण बांगडी फुटली असं कोणी म्हणत नसे. बांगडी ‘वाढली’ म्हणायचं. गिऱ्हाईक बाई दारातून उतरेपर्यंत घरात शिंकसुद्धा आवरायची. का, तर कासारीण बांगड्या भरते ती नुसती काच नसते, त्या बाईचं सौभाग्य असतं. बांगड्या भरून झाल्या की पाटलीण असो की तेलीण, खाली वाकून मायला नमस्कार करायची. एरवी आम्हाला ओट्याच्या वर कोणी बोलावलं नसतं, पण सणावारी बांगड्या आणि लग्नघरी नवरीचा हिरवा चुडा भरायला मायला थेट माजघरात नेत. "कासारीनबाईचा हात चांगला हाय," असं पंचक्रोशीत म्हणायचे. म्हणजे नवरा धडधाकट, लेकरं जिवंत, भरलेला चुडा टिकतो. मायची खरी मिळकत ही होती. तिचा हात चांगला आहे हे लोकांना वाटणं, एवढ्यावर आमचं घर उभं होतं.

तो बाजाराचा दिवस कापसाच्या हंगामातला होता. मलकापूरला जाणाऱ्या गाड्या रस्त्यावर अडकलेल्या, बैलांच्या घुंगरांचा आणि गाडीवानांच्या शिव्यांचा कालवा. मायनं पाल मांडलं होतं, मी बांगड्या काढून देत होते, गोदी मायच्या मांडीला टेकून बसली होती. दुपारी गर्दी ओसरली तशी माय मला पालावर बसवून गोदीचं बोट धरून मिरच्या घ्यायला गेली. मिरचीवाल्याशी घासाघीस करताना तिनं पदरात मिरच्या घ्यायला दोन्ही हात पुढे केले, आणि मिरच्या बांधून खाली पाहिलं तर गोदी नव्हती. पुढचं मी पालावरून पाहिलं. माय आधी हाका मारत इकडे तिकडे धावली. मग कोणीतरी म्हणालं, गाड्यांच्या बाजूला एक पोर गेली. गाड्या, बैल, चाकं, हे तिच्या डोक्यात आलं असावं, कारण ती होती तिथेच बाजाराच्या मधोमध मटकन बसली, मिरच्या सांडल्या, अंबाडा सुटला, पदर खांद्यावरून गेला, आणि ती दोन्ही हातांनी ऊर बडवत ओरडायला लागली. मी पाल टाकून तिच्याकडे धावले. धावताना मला चावडीच्या ओट्यावर तीन पायांचा एक डबा आणि त्यामागे काळं कापड पांघरलेला एक माणूस दिसला. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

गोदी शेवेवाल्याच्या पालाशी सापडली. त्यानं तिच्या हातात गोडशेव दिली होती आणि ती शांतपणे खात उभी होती. मायनं तिला एक धपाटा घातला, मग उराशी धरलं, मग परत एक धपाटा घातला. संध्याकाळी आम्ही फुणके-कढी जेवलो आणि गोदीनं शेव खाल्ल्यामुळे जेवायला कुरकूर केली. झालं. विषय संपला. म्हणजे आमच्यापुरता संपला.

नवीन इंग्रजी साल लागलं आणि एका औषधाच्या कंपनीचा माणूस गावात येऊन फुकट कॅलेंडरं वाटून गेला. लहान मुलांच्या ताप-खोकल्यावरचा त्यांचा काढा होता. कंपनीचं नाव मी लिहीत नाही; ती कधीच बुडाली, आणि बुडाली हे कळलं तेव्हा मी गोड केलं होतं. वर मोठं चित्र, खाली तारखांची पानं, त्यात एकादशी, चतुर्थी, अमावास्या सगळं छापलेलं. तोवर गावात तिथी बघायला भटजींकडे जावं लागे. आता ती भिंतीवर आली, म्हणून लोकांनी ते खिळे ठोकून लावलं. आमच्या घरी तो माणूस आलाच नाही, कारण आमच्याकडे पुढे दुकान दिसे आणि त्यात आधीच टांगायला जागा नव्हती.

आम्हाला ते कळलं पाटलांच्या घरी. संक्रांतीच्या बांगड्या भरायला माय गेली होती, मी पेटी घेऊन सोबत. माजघरात बसलो, मायनं पाटलीणबाईंचा हात हातात घेतला, आणि मान वर केली तर समोरच्या भिंतीवर ती स्वतः होती. केस सुटलेले, तोंड उघडं, हात उरावर. खाली ठळक अक्षरांत ‘पुत्रशोक!’ आणि त्याखाली, वेळीच आमचा काढा दिला असता तर या मातेवर ही वेळ आली नसती. मी शाळेत जात होते, मला वाचता येत होतं. मी वाचलं आणि तिथेच गप्प बसायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही. तिला कोणी ना कोणी सांगणारच होतं. मी सांगितलं. पाटलीणबाईंनी हात सोडवून घेतला.

"अव माय व, कासारीनबाई, हे तुमीच ना? आमी म्हनलं, दिसते तं तशीच. कोनतं लेकरू गेलं व? आमाले कोनी सांगतलं बी नाई."

"माह्यं कोनी गेलं नाई!" माय म्हणाली. "ही एक इथं बसली हाय, अन् दुसरी घरी वरन-भात खाऊन राह्यली."

"मंग छापलं कसं? छापलेलं खोटं राह्यते का?"

छापलेलं खोटं नसतं ही त्या काळच्या माणसांची पक्की समजूत होती, आणि आता टीव्हीत दाखवलेलं खोटं नसतं ही आहे. माणसं बदलतात असं म्हणणाऱ्यांनी मला भेटावं.

मग सुरू झाला तो त्रास वर्षभर. मायचा धंदाच घरोघर जाण्याचा, आणि ज्या घरात जावं तिथे ती आधीच भिंतीवर रडत बसलेली. गिऱ्हाईक बाई एकदा तिच्याकडे बघे, एकदा भिंतीकडे. माय हात जोडून म्हणायची, तेवढं उतरवा हो. कोणी उतरवेल तर शपथ. किराणावाला म्हणाला, "काढतो व बाई, पन मंग एकादशी कशी पाहू? तारखा त्याच्याच खाली हायेत." एका म्हातारीनं खूप उपकार केल्यासारखं मायच्या तोंडावर कागद चिकटवला, तो इतका लहान की डोळे झाकले आणि ओरडणारं तोंड तेवढं उघडं राहिलं, ते मूळ चित्राहून भयंकर दिसे. तेली आळीतल्या एका शहाण्यानं तर वादच घातला, "याच्यात पुत्र लिहेल हाय. तुले तं दोन्ही पोरी हायेत. मंग हे तुह्यं कसं?" शाळेचे मास्तर म्हणाले, "हे पाहा, या चित्रानं लोकांच्या मनात करुणा जागी होते." मास्तरांच्या घरातही ते होतं. करुणा जागी झालेल्या मास्तरांनीही ते उतरवलं नाही.

आणि गोदी! तिला त्या कॅलेंडरचा भारी अभिमान. गिऱ्हाइकांच्या घरी माझ्या मागे मागे यायची, भिंतीवर बोट दाखवायची आणि त्या घरच्यांना सांगायची, "हे पाह्य, माही माय. मी मेली म्हनून रडून राह्यली." बांगडी फुटली म्हणायची चोरी असलेल्या घरातली पोर हे बोलायची. माय तिच्या तोंडावर हात ठेवायची, घरी येऊन मीठ-मोहऱ्या ओवाळायची, दुसऱ्या दिवशी परत तेच. बाबा बिचारे बांगड्या ओवता ओवता म्हणायचे, "वरीस सरलं का उतरते आपोआप."

"अन् तोवर?" माय म्हणायची. "तोवर माही पोट्टी रोज मरून राह्यली, त्याचं काय?"

बाबा पुढची बांगडी ओवायचे. बाबांच्या या शांतपणावर मी लहानपणी खूष होते. आता आठवलं की त्यांच्या हातातली सुतळी ओढून घ्यावीशी वाटते.

उन्हाळ्यात पाटलांच्या मुलीचं, वत्सलाचं, लग्न निघालं. तिचं बारसं होतं तेव्हा तिच्या मनगटात पहिल्या बांगड्या मायनंच घातल्या होत्या. मायनं चुड्याच्या बांगड्या निवडून वेगळ्या ठेवल्या, एकेक वाजवून, उजेडात धरून. बोलावणं येईना. हळदीच्या आदल्या दिवशी आमच्या दारावरून एक छकडा गेला आणि पाटलांच्या दारात थांबला. त्यातून धामणगाव बढ्याची कासारीण उतरली, डोक्यावर पेटी. माय दारात उभी होती. तिनं पाहिलं. पाटलीणबाईंनी नंतर निरोप पाठवला, मन वाईट करून घेऊ नका, आमचं काही नाही, पण मुलाकडचे लोक म्हणाले, कॅलेंडरातली बाई नको. त्या हंगामात मायला मग एकाही लग्नाचं बोलावणं आलं नाही. तिचा हात आता चांगला राहिला नव्हता. काय केलं होतं त्या हातानं? ऊर बडवला होता, लेक हरवली म्हणून. त्या हातानं दुसरं काय करायचं होतं?

तो छकडा दारावरून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं गोदीच्या केसांना तेल लावलं, आम्हा दोघींना धुतलेले परकर घातले आणि बुलढाण्याहून येणारी सर्विस मोटार धरून आम्ही मलकापूरला गेलो. फोटो कोणी काढला ते बाबांनी बांगड्यांच्या व्यापाऱ्याकडून शोधून काढलं होतं, तेवढं काम मात्र त्यांनी केलं. स्टेशनच्या रस्त्यावर फोटोवाले माधवराव म्हणून होते. नागपूरच्या सरकारी शेतकी प्रदर्शनात वऱ्हाडच्या कापूस-बाजाराची चित्रं हवी होती, म्हणून ते त्या दिवशी मोताळ्याला आले होते. कापसाच्या गाड्यांचे फोटो कोणी विचारले नाहीत. मायचा मात्र प्रदर्शनात नावाजला गेला आणि औषधवाल्यांनी उचलला.

माणूस वाईट नव्हता, हे मला लिहावं लागतं आहे आणि लिहिताना चीड येते. वाईट असता तर सोपं गेलं असतं. त्यांनी मायला ओळखलं आणि उठून उभे राहिले. आम्हाला रंगवलेल्या बागेच्या पडद्यापुढच्या बाकावर बसवलं, गोदीला खडीसाखर दिली. म्हणाले, "बाई, तुमचं चित्र मी काढलं हे माझं भाग्य. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं."

"दादा," माय म्हणाली, "तुमी चावडीच्या वट्यावर उभे होते. तिथून आख्खा बाजार दिसते. मी लेकरू शोधून राह्यली होती. तुमी एक हाक काऊन नाई मारली?"

"मी काळ्या कापडाखाली होतो, बाई. मला फक्त काच दिसत होती, आणि त्या काचेवर सगळं उलटं दिसतं. माणसं डोक्यावर उभी."

"बरं. मंग फोटो काढल्यावर तरी विचाराचं होतं, का बाई, छापू का."

माधवराव फार समजुतीनं म्हणाले, "अशा वेळी विचारलं, तर माणूस पदर सावरतं. मग चित्र जातं."

"तं जाऊ द्याचं होतं," माय म्हणाली.

गेल्या वर्षी नांदुऱ्याच्या रस्त्यावर अपघात झाला तेव्हा आमची गाडी मागेच होती. उतरलेल्यांतले निम्मे मोबाइल वर करून उभे, त्यात माझा नातू. मी त्याला काठीनं टोचून विचारलं, त्या पडलेल्या बाईला कोणी पाणी दिलं का? तर म्हणतो, आजी, लोकांना कळायला नको का? लोकांना कळायला नको का! लोकांना कळून काय होतं ते मी एक वर्ष घराघरात पाहिलं आहे. पण हे त्याला सांगायला त्याच्या कानातून ते गाण्याचं बोंडूक निघायला हवं.

माधवरावांना मात्र आपली बाजू पटवायचीच होती. ते म्हणाले, पुत्रशोक वगैरे शब्द कंपनीचे, माझे नव्हेत. मी खोटं काहीच केलेलं नाही, तुमचं रडणं खोटं होतं का?

"रडनं खरं होतं," माय म्हणाली. "म्हनूनच विकाचं नव्हतं."

तेव्हा ते आत गेले आणि एक मोठा जाड कागद घेऊन आले. काचेवरून काढलेली पहिली प्रत. कॅलेंडरवर आलं ते यातलं अर्धंच, कंपनीनं रंग भडक केले, मुळात काम किती बारीक होतं ते तुम्हीच पाहा, म्हणून त्यांनी ती मायच्या मांडीवर ठेवली. मधोमध माय. मागे गाड्या, बैलांची शिंगं, पालांचे बांबू. मी मायच्या खांद्यावरून वाकून बघत होते. डाव्या बाजूला शेवेवाल्याचं पाल होतं, आणि पालाच्या बांबूला धरून, तोंडाशी मूठ नेलेली, गोदी उभी होती. इतकी स्पष्ट की तिच्या परकराचा खालचा उसवलेला काठ दिसत होता. माय आणि गोदी यांच्यात जेमतेम एक बैलगाडी मावली असती.

गोदी म्हणाली, "ही मी."

मायनं चित्रातल्या गोदीवर बोट ठेवलं. "हे तुमाले दिसलं होतं?"

"त्या वेळी नाही," माधवराव म्हणाले. "देवाशपथ नाही. नंतर, छापताना दिसलं."

"मंग?"

"मग ती बाजू मी कापली. ते मूल तिथे ठेवलं असतं, तर चित्राला अर्थ उरला नसता."

हे ते कसलाही आडपडदा न ठेवता, आपल्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी तसं म्हणाले. मी इतकी वर्षं त्या वाक्याचा राग करते आहे आणि तो पुरत नाही. म्हणजे या माणसाला माहीत होतं. साऱ्या वऱ्हाडानं माझ्या मायला विचारलं, कोणतं लेकरू गेलं, आणि लेकरू इथे होतं, मलकापुरात, याच्या कपाटात, शेव खात.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवट गोड होईल अशी कोणाची समजूत नको. कॅलेंडरं वर्ष सरेपर्यंत उतरली नाहीत. काही घरांत तर तारखांची पानं संपल्यावरही चित्र राहिलं, भिंतीचा पोपडा झाकायला बरं म्हणून. कंपनीला माधवरावांनी पत्र घातलं म्हणे; उत्तर आलं नाही. मायला लग्नाची बोलावणी हळूहळू परत आली, पण वत्सलाचा चुडा ती भरू शकली नाही हे तिला शेवटपर्यंत लागलं.

त्या दिवशी माधवराव खरोखर ओशाळले होते. म्हणाले, "बाई, ही प्रत तुम्ही घेऊन जा. फ्रेम करून देतो. माझ्याकडून भेट."

मायनं चित्र उचललं, त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि तिथली कात्री त्यांच्यापुढे सरकवली. "आता मले कापा," ती म्हणाली. "पोट्टीले राहू द्या."

ते म्हणाले, "अहो, पण मग उरेल काय? एक पोर बाजारात शेव खात उभी आहे, एवढंच."

"हाव," माय म्हणाली. "त्या दिवशी तेवढंच झालं होतं."